खांबावरची खाच

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनी पुढे यावं, दारात उभे असलेल्यांनी आत यावं. मांडीवर मूल असेल तर त्यालाही जागंच ठेवा, गोष्ट त्याच्या कामाची आहे. गोष्ट एका मुलीची, एका खांबाची आणि त्या खांबावर पाडलेल्या एका खाचेची. देवाने माणसं घडवताना हातात फुटपट्टी घेतली नव्हती, हे ज्यांना पटतं त्यांनी ऐकावं; ज्यांना पटत नाही त्यांनी तर अगदी कान टवकारून ऐकावं, कारण अशाच एका बाईंची फजिती यात यायची आहे.

मुलीला सगळे टिचकी म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि दहाव्या वर्षापर्यंत तिने त्यात फारशी भर घातली नव्हती. शाळेच्या रांगेत पहिली, फोटोत पहिली, आणि लपाछपीत शेवटपर्यंत न सापडणारी. एकदा तर खेळ संपवून सगळे घरी गेले, तरी ही आपली धुण्याच्या बादलीत बसून होती. नाव ठेवलं होतं सुतारकाकांनी. "एक टिचकी मारली तर पलीकडच्या गल्लीत जाऊन पडेल," असं म्हणायचे आणि लगेच तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, पोरगी खरंच उडून जाईल की काय म्हणून.

सुतारकाका म्हणजे बाबांचे जिवलग. बाबा दातांचे डॉक्टर. काकांना काम करताना खिळे दातांत धरायची सवय. एकदा त्यातल्या एका खिळ्याने दाताचा तुकडा पाडला, तेव्हा ते बाबांच्या दवाखान्यात आले. खुर्चीत बसले, खुर्ची कुरकुरली. काका उठले. "डॉक्टर, आधी खुर्ची, मग दात," म्हणाले, आणि सुजलेला गाल एका हाताने धरून त्यांनी खुर्चीचा स्क्रू आवळला. तेव्हापासून दोन्ही घरं एक झाली.

काकांच्या उस्तादाने मरताना त्यांना तळ्याकाठचं एक लाकडी घर देऊन टाकलं होतं. एकच मोठी खोली, वर पत्रा, मध्ये एक जाडजूड खांब, सहा खाटा, एक धुरकट चूल आणि उंदरांचं एक जुनं, प्रतिष्ठित घराणं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं आठ दिवस तिथे जायची. काकांच्या फळ्या वाहायच्या टेम्पोत गाद्या, भांडी, बटाट्यांचं पोतं आणि पोरं, सगळं एकत्र भरलं जायचं. पोहोचल्यावर आधी बटाटे उतरवायचे आणि मग पोरं मोजायची.

मोजायची अर्थातच आई.

टिचकीची आई सरकारी अधिकारी होती, वजनमापं तपासणारी. ती बाजारात शिरली की दुकानदार आपली वजनं पुसायला लागायचे आणि देवाचं नाव घ्यायला लागायचे. पिशवीत पोलादी टेप, पट्टी, पाणसळ, शाईची डबी आणि 'तपासून मंजूर' असा रबरी शिक्का, हे सगळं रजेवरसुद्धा बरोबर. घरात पावाचे तुकडे सारखे, सुपाचे वाडगे एका रेषेत. साखर सांडली तर रागवायची नाही, पण किती सांडली ते अचूक सांगायची. त्याचीच जास्त भीती वाटायची.

याच्या अगदी उलट सुतारकाकू. त्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि बोलणं हा गाण्याचा अपमान आहे अशी त्यांची समजूत असावी. त्या सगळं गायच्या. "बटाटे सोऽऽलून झाले का गं" हे तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत सुरात ऐकू जायचं. पहाटे उठून प्रार्थना म्हणायच्या, ती चहाला बोलावण्यात कधी मिसळायची ते कळायचंच नाही. बाबा अर्धवट झोपेत हात जोडून चहा घ्यायचे.

आणि त्यांची मुलगी शिडी. टिचकीहून वर्षाने लहान, पण देवाने तिला वरून ओढून सोडलेली. टिचकीची जिवाभावाची मैत्रीण, आणि टिचकीच्या जिवाला लागलेला घोरही तीच. का, ते आता ऐका.

त्या तळ्यात एक बेट होतं. काठावरून बघितलं तर हिरवा ठिपका. न्याहारी झाली की सुतारकाका होडी काढायचे आणि मुलांना बेटावर न्यायचे. चार वर्षांपूर्वी टिचकीचा दादा होडीच्या फळीवर बसला होता. तेव्हा तोही लहानच. पाय लोंबकळत होते. होडी जरा हलली आणि दादा डोक्यावर उलटा होऊन पाण्यात. पाणी गुडघाभर. उठला तेव्हा खिशात बेडूक होता आणि त्याला भलताच आनंद झाला होता. पण आईने ते काठावरून पाहिलं. तिने होडी बाहेर ओढायला लावली, सगळ्या पोरांना एकेक करून फळीवर बसवलं, पाय कुणाचे टेकतात ते पाहिलं, टेप लावला, आणि निकाल दिला: "एकशे तीस सेंटिमीटर. त्याच्या खाली होडीत पाय ठेवायचा नाही."

मग घरातल्या मधल्या खांबावर जमिनीपासून बरोबर एकशे तीसवर काकांनी पटाशीने खाच पाडली. आईने ती तीनदा मोजली आणि खांबावर, खाचेच्या शेजारी, शिक्का मारला. तपासून मंजूर.

तेव्हापासून दरवर्षी पहिल्या दुपारी खांबापाशी तपासणी व्हायची. वर्षातून एकदाच, घरी मोजायचं नाही. "वजन रोज तपासलं तर दुकानदार नाही, वजनच घाबरतं," असं आईचं म्हणणं. दादा पास झाला. दोन वर्षांनी शिडी पास झाली, वयाने धाकटी असून. टिचकी नापास, नापास, नापास. होडी निघायची आणि टिचकी काठावर काकूंबरोबर भांडी घासत बसायची. दुपारी ते दोघं परत यायचे ते राजासारखे.

"आज गुहेत शिरलो," दादा सांगायचा.

"गुहेत झरा आहे," शिडी म्हणायची. "पाणी गोड."

"आणि राजाचं सिंहासन. दगडाचं. त्यावर बसलं की सगळं तळं दिसतं."

"आणि एक पक्षी आहे, तो वाकून नमस्कार करतो."

"मला पण?" टिचकी विचारायची.

"तू आलीस तर करेल की," शिडी म्हणायची, आणि मग टिचकी उरलेलं एक पातेलं इतकं घासायची की त्याची कल्हई निघायची.

त्या सगळ्या वर्षांत तिने काय नाही केलं! दाराच्या चौकटीला लोंबकळली. शिडीने तिचे पाय धरून ओढले, टिचकी वाढली नाही, चौकट मात्र सैल झाली. रात्री देवाला हात जोडून म्हणायची, "देवा, मला शिडीएवढी नको करूस, ते लोभीपणाचं होईल. खाचेएवढी कर." तपासणीच्या दिवशी एकदा केसांचा उंच बुचडा बांधून आली. आईने पट्टी डोक्यावर ठेवून बुचडा दाबला, पोळीसारखा सपाट. "केस म्हणजे उंची नव्हे." मागच्या वर्षी सात सेंटिमीटर कमी पडले होते. आईने वहीत लिहिलं: सात कमी. आणि शिडी पुढच्या वर्षीपासून सुट्टीत पोहण्याच्या शिबिराला जाणार होती. म्हणजे होडीत दोघी शेजारी बसण्याची ही शेवटची संधी. दहा वर्षांच्या जिवाला याहून मोठं काही असतं का हो? आपल्याला तरी कुठे असतं?

तर त्या वर्षी टेम्पो पोहोचला. दार उघडलं आणि ताज्या लाकडाचा वास आला. घरात नवी जमीन! काका पंधरा दिवसांपूर्वी एकटेच येऊन गेले होते. जुन्या फळ्या कुजल्या होत्या म्हणे. नव्या फळ्या अशा जुळलेल्या की त्यांच्यात नख शिरू नये. सगळ्यांनी वाहवा केली. काका नुसते टोपी काढून डोकं खाजवत होते. एवढं कौतुक होत असताना माणूस इतका गप्प, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाबा दरवर्षी उंबऱ्याला ठेचकाळायचे. यंदा ठेचकाळले नाहीत. "बघा, वयाबरोबर शहाणपण येतं," असं म्हणत आत आले आणि तुळईला टांगलेला कंदील खणकन त्यांच्या कपाळावर बसला.

"अगं आई गं!"

"बघून चाला ना," आई म्हणाली.

"दहा वर्षं याच्याखालून जातोय मी!"

"मग अकराव्या वर्षी बघून चाला."

काकू खिडकीशी उभ्या राहून गाऊ लागल्या, "तळं यंऽऽदा खाली गेलंय..." आईने येऊन पाहिलं. "हो, पाणी कमी झालंय. पाऊस कमी." खाटांवर बसल्यावर खुंट्या जरा जवळ वाटल्या. चुलीपाशी जरा जास्त वाकावं लागलं. प्रत्येकाला त्याचं काहीतरी कारण सापडलं. माणसाला कारण सापडलं की तो पायाखाली बघत नाही.

दुपारी तपासणी. टिचकी अनवाणी, टाचा खांबाला, हनुवटी सरळ, डोळे मिटलेले. आईने पट्टी डोक्यावर ठेवली. पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला, मध्ये थांबला.  टेप आईने काढलाच नाही. खाच तिने स्वतः मोजली होती, शिक्का तिचाच होता, आणि स्वतःच्या शिक्क्यावर संशय घेणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं.

"पुन्हा," आई म्हणाली. पुन्हा पट्टी. पुन्हा बुडबुडा. आणि मग आईच्या चेहऱ्यावर अशी एक गोष्ट उमटली जी बाजारातल्या कुठल्याच दुकानदाराने पाहिली नव्हती. ती हसली. तोंडभर.

"खाचेच्या वर. अर्धा सेंटिमीटर. एका वर्षात साडेसात!"

"दूध!" बाबा कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाले.

शिडीने टिचकीला उचलून गरगर फिरवलं. काकूंनी अशी तान घेतली की छपरावरचे कावळे उडाले. आणि आईने पिशवीतून शिक्का काढला, शाईत बुडवला आणि लेकीच्या मनगटावर हलकेच दाबला. तपासून मंजूर. "उद्या सकाळी होडी," म्हणाली, आणि बाहेर जाऊन पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझ्या मुलीने शेवटी माप भरून काढलं!" आईच्या आवाजात ते ऐकून टिचकीला आपण खरंच छपराला टेकलो असं वाटलं.

काका सोडून सगळे तळ्याकाठी गेले. टिचकी आत केसाची पिन शोधत राहिली. ती खाटेखाली घरंगळली होती. टिचकी खाटेखाली सरपटली. कोपऱ्यात, भिंतीशी, नवी फळी अर्ध्या बोटाने आखूड पडली होती. त्या फटीतून खाली काहीतरी निळं दिसत होतं. ती जुनी निळी जमीन होती, दादाने सांडलेल्या शाईच्या डागासकट. नवी जमीन जुनीच्या जागी नव्हती घातली. जुनीच्या वर घातली होती. टिचकीने फटीत बोट घातलं. बोटाची दोन पेरं आत गेली.

ती शाळेत काही पहिली येत नव्हती, पण आईची मुलगी होती. हिशोब लगेच झाला.

ती तशीच बाहेर पळाली. काका घरामागे रंध्याने काहीतरी तासत बसले होते.

"काका, तुम्ही जमीन वर घेतलीत."

काकांच्या तोंडात तीन खिळे होते. ते त्यांनी एकेक करून काढले, वेळ लागावा म्हणून.

"जुनी उखडायची म्हणजे चार दिवसांचं काम. वर घालायची म्हणजे एका दिवसाचं."

"आणि मी?"

काकांनी रंध्यावरचा भुसा फुंकला.

"काका, देवाशपथ सांगा."

"देवाशपथ म्हटलीस तर मग पंचाईत झाली," काका म्हणाले. "फळ्या ठोकताना मध्येच खांब आला. त्यावर ती खाच. मी खालच्या फळीकडे बघितलं, वरच्या खाचेकडे बघितलं, मग तुझा चेहरा आठवला, पातेलं घासतानाचा. आता मी सुतार माणूस, मला लाकूड दिसतं. मुलांना वाढवायचं काम देवाकडे आहे. मी फक्त जमीन जरा पुढे केली."

"मग मी खोटी उंच आहे."

"तीन सेंटिमीटरच गं. बाकीची साडेचार तुझीच."

"आईला सांगणार तुम्ही?"

"मी? तुझ्या आईला?" काकांनी खिळे परत तोंडात घातले. त्याचा अर्थ स्पष्ट होता.

टिचकीने मनगट साबणाने धुतलं. सरकारी शाई, जराही हलली नाही. संध्याकाळभर ती बाही खाली ओढत राहिली. जेवताना आईने तिला बटाट्याचा एक तुकडा जास्त दिला. आईच्या हातून कुणाला काही जास्त मिळाल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि टिचकीने तो हळूच दादाच्या ताटात सरकवला.

सकाळ झाली. काठावर सगळे जमले. दादा आणि शिडी होडीत. त्यांचे चेहरे मात्र जरा पडलेले, दोघं एकमेकांकडे बघत होते. टिचकी चढली. फळीवर बसली. पाय खाली सोडले, आणि पाय टेकले! तिने वाकून पाहिलं. फळीपुढे होडीच्या तळाशी एक नवी आडवी पाटी, घट्ट बसवलेली, तिच्या पायांच्या बरोबर उंचीला. पाटीला ताज्या लाकडाचा वास येत होता. तिने मागे काकांकडे पाहिलं. काका तळ्याकडे बघत होते, तळं आज पहिल्यांदाच दिसतंय अशा नजरेने.

आणि काठावर आईने हात वर केला. आई कधी कुणाला हात हलवून निरोप देत नसे. आजही हलवला नाही, नुसता वर केला, पूर्ण सरळ.

आता काय होणार! टिचकी उठली, मनगट वर धरलं आणि ओरडली, "आई, शिक्का खोटा आहे!"

शिडीने हातातलं वल्हं खाली ठेवलं.

"कुणाचा शिक्का?" आई म्हणाली.

"तुझा. म्हणजे शिक्का खरा आहे, मी खोटी आहे. जमिनी दोन आहेत, एकावर एक. मी तीन सेंटिमीटर जमिनीवर उभी होते!" आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

बाबांनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. "तरीच!"

आईने पिशवी उचलली. वळली, घरात गेली. सगळे तिच्या मागे. तिने खाट सरकवली, गुडघे टेकले, फटीत टेप घातला. टेपवरचा आकडा तिने दोनदा वाचला. उठली तेव्हा आवाज एकदम शांत होता, आणि हा तोच आवाज होता जो ऐकून दुकानदार शटर खाली ओढायचे.

"भाऊजी."

काका दारात टोपी हातात घेऊन उभे. "बोला वहिनी."

"माझ्या शिक्क्याखालची जमीन तुम्ही हलवलीत."

"हलवली नाही वहिनी. जुनी आहे तिथेच आहे. वर पांघरूण घातलं."

"अठरा वर्षांच्या नोकरीत मला कुणी तीन सेंटिमीटरला फसवलं नाही. अर्ध्या ग्रॅमला पकडलंय मी लोकांना. आणि काल मी, मी स्वतः..." आईने हातातल्या टेपकडे पाहिलं. "मला टेप काढायचंसुद्धा सुचलं नाही. खाच वर घ्या. आत्ता."

काकांनी पटाशी आणली. खाच तीन सेंटिमीटर वर पाडली. लाकडाचा भुसा टिचकीच्या पायांवर पडत होता. ती न सांगताच खांबाला टेकून उभी राहिली. पट्टी. पाणसळ. बुडबुडा.

"अडीच कमी," आई म्हणाली. मग अगदी हळू, "नापास."

काकूंनी तोंड उघडलं. सूर आलाच नाही. "ताई, अहो," त्या नुसत्या बोलल्या, साध्या आवाजात, आणि ते इतकं नवीन होतं की सगळ्यांनी वळून पाहिलं.

तेव्हा काकांनी टोपी डोक्यावर घातली. "वहिनी, चुकलो, हात जोडतो. पण एक विचारू? ती खाच पाडली कशासाठी?"

"पाय टेकावेत म्हणून. तुम्हाला माहीत आहे."

"मग पाय बघा ना! डोकं कशाला बघताय चार वर्षं?"

आई थांबली. अधिकारी माणसाला कुणी मुद्द्याचं विचारलं की तो थांबतो, एवढं तिच्यात खरेपण होतं. ती तडक होडीकडे निघाली. आता ऐका, ही बाई दहा वर्षांत एकदाही होडीत चढली नव्हती. ज्याचा तळ दिसत नाही त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. पण तपासणी म्हणजे तपासणी. तिने पाटीवर पाणसळ ठेवली. पाटी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. टिचकीला बसवून पाय दाबून पाहिले. मग, पाटी वजन किती पेलते ते बघायला, स्वतः होडीत पाय ठेवला आणि पाटीवर उभी राहिली.

होडी डुलली. आई मटकन खाली बसली. आणि काकांनी, देव त्यांचं भलं करो, तेवढ्यात मागून धक्का दिला आणि शिडी आणि दादासकट आत उडी मारली.

"थांबा! मला उतरायचंय! भाऊजी!"

"वहिनी, तपासणी अर्धी राहिली तर वहीत काय लिहाल?"

"पाणी किती खोल आहे इथे?"

"पुरेसं आहे."

"पुरेसं हे माप नाही!"

टिचकीने एक वल्हं धरलं, शिडीने दुसरं. पाय पाटीवर घट्ट रोवून टिचकीने ओढलं, आणि होडी पुढे सरकली. आईने दोन्ही काठ असे धरले होते की बोटं पांढरी पडली. पण डोळे लेकीच्या पायांवर. पाय एकदाही सुटले नाहीत. काकूंचं गाणं काठावरून त्यांच्या मागे मागे येत राहिलं.

बेट जवळ येऊ लागलं तसा दादा खोकायला लागला. शिडी म्हणाली, "टिचके, आज गुहा बंद असेल हं कदाचित."

होडी लागली. टिचकी उडी मारून उतरली.

बेटावर एक मोठा खडक होता. चार काटेरी झुडपं होती. पाणपक्ष्यांच्या विष्ठेने सगळं पांढरं झालेलं. आणि एका झुडपाखाली कुणीतरी टाकून दिलेली, एक पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची.

टिचकीने सगळ्या दिशांना पाहिलं. दिशा फार नव्हत्या. बेट बारा पावलांत संपलं.

"गुहा?" ती म्हणाली.

दादाने खडकातली एक फट दाखवली. त्यात मांजर बसलं असतं, लहानसं. शिडीचा चेहरा लाल झाला. "पहिल्या दिवशी सांगितलं गं गंमत म्हणून. तुला इतकं आवडलं की मग थांबवताच येईना. मग दरवर्षी थोडं थोडं वाढवत गेलो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू आलीस तर कळेल म्हणून भीती वाटायची. आणि तू यावंस असंही वाटायचं."

टिचकी मोडक्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची कलली. तळं खरंच सगळं दिसत होतं; पलीकडे लाकडी घर आणि दोन ठिपके, एक कपाळ धरलेला, एक गाणारा. टिचकीला आधी खूप राग आला. मग ती ठिपक्यांकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं. आलं ते थांबेना. शिडी शेजारी खडकावर येऊन बसली. तेवढ्यात एक पाणपक्षी उतरला, त्याने चोच खाली घालून किडा उचलला.

"नमस्कार केला," टिचकी म्हणाली.

आई हे सगळं बघत उभी होती. हातात टेप होता. तिने बेट मोजलं नाही. टेप पिशवीत ठेवला.

परत आले तेव्हा बाबा गुडघाभर पाण्यात येऊन उभे. "काय, कसं आहे बेट? गुहा खरंच आहे?"

दादाने मान खाली घातली. शिडीने श्वास धरला. जन्मात कधी अर्ध्या ग्रॅमने इकडे-तिकडे न बोललेली ती बाई होडीतून उतरली, साडीचा भिजलेला काठ पिळला आणि म्हणाली, "गुहा जरा अरुंद आहे. सिंहासन मात्र बरोबर मापाचं आहे."

सुतारकाकांच्या तोंडातून खिळा पाण्यात पडला.

मग आईने शाईची डबी काढली आणि होडीतल्या त्या पाटीवर वाकून शिक्का मारला. तपासून मंजूर. टिचकीच्या मनगटावरचा शिक्का वल्हवताना घामाने आणि पाण्याने निघून गेला होता. तो पुन्हा मारायची गरज कुणालाच वाटली नाही. पुढच्या सहा सकाळी दोघी शेजारी बसून बेटावर गेल्या, आणि दुपारी बाबांना गुहेत काय काय सापडलं ते सांगू लागल्या. त्यात सगळ्यात जास्त भर टिचकी घालायची.

पुढच्या वर्षी ती नव्या खाचेलाही टेकली. पण तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतंच. शिबिराला गेलेली शिडी सोडून सगळे होडीत बसून तिला हाका मारत होते. आता टिचकीचे केस पिकलेत. उंची आपली तेवढीच, माणसांत पुढच्या रांगेतली. पण ती कुठेही खुर्चीवर बसली आणि पाय लोंबकळले की अजून खाली बघते, पाटी शोधते.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. आज घरी जाल, कुठे तरी टेकाल, पाय सुखाने जमिनीला लागतील. त्या वेळी क्षणभर त्या सुतारकाकांची आठवण काढा. आणि जवळ कुणाचे पाय लोंबकळताना दिसले, तर जास्तच.